पोहोचल्यानंतरचे पान : मध्यमवयातील दीर्घ पदयात्रा आणि तिच्या समाप्तीचे कथन

प्रास्ताविक

प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराचा विचार करताना मराठी समीक्षेने प्रस्थानाकडे जेवढे लक्ष पुरविले आहे, तेवढे पोहोचण्याकडे पुरविलेले नाही. प्रवासी का निघाला, त्याने काय पाहिले, त्याची दृष्टी रसिकाची की अभ्यासकाची, त्याचे निसर्गवर्णन कितपत चित्रमय आहे, हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारले गेले. प्रवास नेमका कोठे संपला आणि तो संपला हे कोणी ठरविले, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच गेला नाही. रेल्वेच्या वा विमानाच्या प्रवासात यामुळे फारसे बिघडत नाही. परतीचे तिकीट आधीच काढलेले असते आणि समाप्तीची तारीख त्यावर छापलेली असते. पायी केलेल्या दीर्घ प्रवासाची गोष्ट वेगळी आहे. तेथे शेवटचे पाऊल कोणते हे ठरवावे लागते. चालणारा एकटा असेल तर ते पाऊल पाहणारेही कोणी नसते. अशा वेळी समाप्ती घडविण्याचे काम अखेर लेखनालाच करावे लागते. प्रस्तुत निबंधात मध्यमवयात केलेल्या काही प्रसिद्ध पदयात्रांच्या लेखनाचा या एकाच अंगाने विचार केला आहे.

मध्यमवय हा शब्द येथे केवळ वर्षांच्या मोजणीने घ्यावयाचा नाही. विशीतला पदयात्री निघतो तेव्हा मागे सोडण्यासारखे त्याच्याजवळ थोडेच असते. पोहोचल्यावर त्याचे आयुष्य सुरू व्हावयाचे असते. यात्रेची समाप्ती ही त्याच्या दृष्टीने आरंभच ठरते. वार्धक्यातील यात्रेला परंपरेने एक अर्थ देऊन ठेवला आहे. काशीला निघालेला वृद्ध परत येईल अशी अपेक्षा पूर्वी घरचे लोकही फारशी धरीत नसत. मधल्या वयाच्या माणसाला मात्र परत यावयाचे असते, आणि तेही त्याच घरात, त्याच कामावर, त्याच शरीरानिशी. गुडघे तेवढे अधिक झिजलेले असतात. आश्रमव्यवस्थेच्या भाषेत सांगावयाचे तर तो वानप्रस्थ नव्हे. तो रजेवर गेलेला गृहस्थ आहे. त्यामुळे पोहोचण्याचे पान लिहिताना त्याची खरी परीक्षा असते. जिंकल्याचा आव आणावा तर जिंकले काय, हे सांगता येत नाही. काहीच घडले नाही म्हणावे तर मग गेलो कशाला, हा प्रश्न उरतो.

हे पान किती अवघड असते याचे एक टोकाचे उदाहरण आरंभीच नोंदविण्यासारखे आहे. पॅट्रिक ली फर्मर हा इंग्रज तरुण 1933 च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, हॉलंडच्या किनाऱ्यावरून कॉन्स्टँटिनोपलकडे पायी निघाला आणि वर्षभराने तेथे पोहोचलाही. त्या यात्रेचा पहिला खंड त्याने प्रसिद्ध केला तो 1977 मध्ये, दुसरा 1986 मध्ये. तिसरा खंड, म्हणजे पोहोचण्याचा खंड, त्याच्या हयातीत पूर्ण झालाच नाही. 2011 मध्ये त्याचे निधन झाले आणि 2013 मध्ये जे हस्तलिखित प्रसिद्ध झाले ते बल्गेरियाच्या किनाऱ्यावर, मुक्कामापूर्वीच, मध्येच तुटते. चालणारा तरुण होता, लिहिणारा मध्यमवयीन आणि पुढे वृद्ध झाला. चालणाऱ्याला सहज साधलेली समाप्ती लिहिणाऱ्याला जवळजवळ ऐंशी वर्षांत साधली नाही.

मराठी पार्श्वभूमी

मराठी वाचकाला पदयात्रेच्या समाप्तीचे काही नमुने पूर्वपरिचित आहेत. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा त्यांतील सर्वांत बोलका. गोडसे भटजी वरसईहून उत्तरेकडे निघाले ते द्रव्यार्जनासाठी. 1857 च्या धामधुमीत सापडून, लुटले जाऊन परतले ते गंगेची कावड घेऊन. त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले आणि प्रवास सफल झाला. ते त्या वेळी तिशीच्या आसपासचे होते, चुलते बरोबर होते. म्हणजे ही एकट्याची वा मध्यमवयाची यात्रा नव्हे. परंतु लेखन मात्र पुष्कळ वर्षांनी, उतरत्या वयात झाले आणि चिंतामणराव वैद्यांनी ते 1907 मध्ये प्रसिद्ध केले. येथे समाप्तीचे स्थान तीर्थ नसून उंबरठा आहे आणि साक्षीदार आईवडील आहेत. आणावयाचे होते ते धन गेले, आणले ते पाणी. तरीही हिशेब जुळला, कारण तो जुळविणारी व्यवस्था समाजात सिद्ध होती.

वारीत तर समाप्ती सामुदायिकच असते. गर्दीमुळे विठोबाच्या पायांपर्यंत पोहोचता आले नाही तरी कळसाचे दर्शन घेऊन वारकरी वारी पुरी झाली असे मानतो. त्यात कमीपणा वाटत नाही. चाळिशी ओलांडलेले दि. बा. मोकाशी पालखीबरोबर चालले आणि त्या अनुभवाचे 'पालखी' हे पुस्तक 1964 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा या व्यवस्थेत एक वेगळा माणूस शिरला. तो दिंडीबरोबर आहे, पण टिपणवही घेऊन. गर्दीत आहे, पण पुरता त्या गर्दीचा नाही. मराठीतील मध्यमवयीन एकाकी पदयात्रीचा शोध घ्यावयाचा तर तो हिमालयात घेण्यापूर्वी या पुस्तकात घ्यावा. वारीसंबंधी आणखी एक वस्तुस्थिती साहित्याच्या अभ्यासकांनी फारशी विचारात घेतलेली नाही. गोपाळकाला झाल्यावर पालख्या पुन्हा पायीच परततात. जाताना लाखोंचा समुदाय असतो, येताना मोजकी माणसे. परतवारीचे वर्णन मराठीत किती कमी आहे हे पाहिले म्हणजे पोहोचल्यानंतरचे पान कोरे ठेवण्याची सवय केवळ आधुनिकांची नाही, हे ध्यानात येते.

बाशो : ओगाकीचा घोडा

मात्सुओ बाशो हे नाव मराठीत आले ते हायकूच्या मागून. शिरीष पै यांनी हा प्रकार मराठीत रुजविला आणि तीन ओळींचा बाशो येथल्या वाचकाच्या ओळखीचा झाला. गद्यातला बाशो मात्र दूरच राहिला. त्याचे 'ओकु नो होसोमिची', म्हणजे अंतर्भागाकडे जाणारी अरुंद वाट, हे लहानसे पुस्तक मध्यमवयातील पदयात्रेचे कदाचित सर्वांत विचारपूर्वक रचलेले वर्णन आहे. 1689 च्या वसंतात, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, बाशोने एदो शहरातील, म्हणजे आजच्या टोकियोतील, आपली झोपडी दुसऱ्याच्या स्वाधीन केली आणि तो उत्तरेकडे निघाला. पाच महिन्यांहून अधिक काळ, सुमारे 2400 किलोमीटर, तो हिंडत राहिला. पोटाचे जुने दुखणे होते. रात्री पांघरावयाचा कागदी अंगरखा, पावसाळी कपडे, दौत-लेखणी आणि निरोप देणाऱ्यांनी दिलेल्या, टाकवत नाहीत आणि उचलवतही नाहीत अशा भेटी, असे ओझे खांद्यावर होते. पंचेचाळिशीचा माणूस त्या काळी स्वतःला म्हातारा समजे. बाशोच्या शिष्यांतही त्याचा उल्लेख त्याच अर्थाने होई.

बाशो एकटा नव्हता, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. सोरा नावाचा शिष्य बहुतेक वाटेत त्याच्याबरोबर होता. यामानाका येथील गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी सोराचे पोट बिघडले आणि तो पुढे निघून गेला. जपानी यात्रेकरूच्या टोपीवर 'दोघे सहप्रवासी' अशा अर्थाची अक्षरे लिहिण्याची रीत आहे. यात्रेकरू एकटा असला तरी बुद्ध वा संत त्याच्यासोबत असतो, असा त्यामागचा भाव. सोरा गेल्यावर ही अक्षरे बाशोच्या मनात येतात, आणि एकटेपणाचा एवढा नेमका प्रसंग त्या पुस्तकात दुसरा नाही. पुढे काही अंतर दुसरा एक शिष्य येतो, तोही मागे फिरतो. मग फुकुईपर्यंतचा थोडा टप्पा बाशो खरोखरच एकटा आहे. फुकुईला तो एका जुन्या ओळखीच्या म्हाताऱ्याला शोधत जातो, तो अजून जिवंत आहे की नाही याचीही त्याला खात्री नसते. त्यापूर्वी कानाझावा येथे, ज्या तरुण कवीला भेटावयाचे होते तो आदल्या हिवाळ्यातच वारला, हे त्याला कळलेले असते. उत्तरार्धात माणसे अशी एकेक गळत जातात. त्सुरुगाला शरदाच्या पौर्णिमेचा चंद्र पाहण्यासाठी तो मुद्दाम थांबतो आणि त्या रात्री पाऊस पडतो.

अशा रीतीने वाट समाप्तीकडे येते. ओगाकी या गावातील मुक्कामाचा मजकूर मुळात जेमतेम काही ओळींचा आहे. त्या ओळींत जे आहे ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. बाशो ओगाकीत शिरतो तो घोड्याच्या साहाय्याने. रोत्सू हा शिष्य त्याला त्सुरुगालाच येऊन मिळालेला असतो. सोरा इसेहून येऊन पोहोचलेला असतो. एत्सुजिन घोडा दौडवीत येतो. एका मित्राच्या घरी सारे जमतात आणि मेलेला माणूस परत आल्यासारखा त्याच्याभोवती आनंद आणि काळजी व्यक्त करतात. येथे थांबले असते तरी चालले असते. कोणत्याही साध्या प्रवासवर्णनाचा हा स्वाभाविक शेवट आहे: मित्र, घर, विसावा. बाशो मात्र लगेच पुढचे वाक्य लिहितो. प्रवासाचा शीण अजून उतरलेला नसताना, नवव्या महिन्याच्या सहाव्या दिवशी, इसेच्या मंदिराच्या पुनर्निर्माणाचा सोहळा पाहण्यासाठी तो पुन्हा होडीत बसतो. दर वीस वर्षांनी हे देऊळ नव्याने बांधून देवतेचे स्थानांतर करतात. 1689 हे त्यांपैकी एक वर्ष होते. अखेरच्या कवितेत फुतामी या स्थलनामावर श्लेष आहे, शिंपला आणि त्यातील जीव विलग होण्याची प्रतिमा आहे आणि सरत्या शरदाचा उल्लेख आहे. निघतानाच्या कवितेत सरता वसंत होता.

या समाप्तीचे दोन अर्थ लावले जातात. एक असा की, बाशो हा चिरंतन प्रवासी, त्याला घर नाही, म्हणून पुस्तक संपत नाही. हे वाचन खोटे नाही, पण ते फार सोयीचे आहे. ते बाशोला लगेच साधू करून टाकते. दुसरे वाचन संहितेच्या घडणीकडे पाहते. सोराने ठेवलेली रोजनिशी 1943 मध्ये प्रसिद्ध झाली आणि बाशोचा मजकूर अनेक ठिकाणी प्रत्यक्षापासून दूर गेला आहे हे स्पष्ट झाले. इचिबुरीच्या धर्मशाळेत दोन वेश्यांची गाठ पडल्याचा सुप्रसिद्ध प्रसंग घ्यावा. हा प्रसंग सोराला सांगितला आणि त्याने तो लिहून ठेवला, असे बाशो म्हणतो. सोराच्या रोजनिशीत त्याचा मागमूस नाही. बाशो या मजकुरावर सुमारे पाच वर्षे काम करीत होता. सुवाच्य प्रत तयार झाली ती 1694 मध्ये, त्याच वर्षी तो ओसाका येथे, आणखी एका प्रवासात, वारला. पुस्तक छापले गेले 1702 मध्ये. तेव्हा ओगाकीच्या त्या ओळी पोहोचल्या दिवशीच्या नव्हेत. पन्नाशीच्या उंबरठ्यावरील, प्रकृती खालावलेल्या माणसाने पाच वर्षे विचार करून ठरविलेला तो शेवट आहे.

हे लक्षात घेतले की घोड्याचे महत्त्व कळते. ज्याने इतर प्रसंग बदलले, तो हा घोडाही गाळू शकला असता. वसंतापासून शरदापर्यंतची वाट तुडवून आलेला कवी अखेरचे पाऊल स्वतःच्या पायांनी टाकतो, असे लिहिणे किती सोपे होते! बाशोने ते लिहिले नाही. चालण्याचा पराक्रम त्याला शेवटास आणावयाचाच नव्हता. त्याला आणावयाची होती ती माणसे, आणि मग त्या माणसांपासूनचा नवा वियोग. मित्र हे त्याच्या समाप्तीचे साक्षीदार आहेत, परंतु त्यांच्या साक्षीने जे सिद्ध होते ते पोहोचणे नव्हे, पुन्हा निघणे. झोपडी सोडून दिलेल्या माणसाला घरी परतण्याचे पान लिहिता येत नाही. त्या रिकाम्या जागी त्याने होडी ठेवली. ही उदात्तता आहेच, पण तीत एका मध्यमवयीन, बेघर माणसाची निरुपायाची बाजूही आहे, आणि ती वजा केली तर बाशो पुष्कळ लहान होतो.

फ्लेचर : हद्द कोणी आखली

बाशोनंतर कॉलिन फ्लेचरकडे वळणे म्हणजे एकदम दुसऱ्या जगात शिरणे आहे. दोघांच्या मध्ये पावणेतीनशे वर्षे आहेत, आणि त्या काळात साक्षीदाराची जागा मित्रमंडळाकडून नकाशाकडे गेली आहे. फ्लेचर मूळचा वेल्समधील कार्डिफचा, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या सैन्यात लढलेला, आफ्रिका आणि कॅनडा असे फिरत कॅलिफोर्नियात स्थिरावलेला. 1963 च्या उन्हाळ्याच्या आरंभी, एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याने ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानाची लांबी कॅन्यनच्या आतून, सलग, एकट्याने चालून काढली. सुमारे दोन महिने लागले. अन्नाचे काही साठे आधी लपवून ठेवले होते, काही विमानातून खाली टाकविले. 1968 मध्ये 'द मॅन हू वॉक्ड थ्रू टाइम' हे पुस्तक आले.

नावातच पुस्तकाचा विषय आहे. कॅन्यनचे थर हे भूशास्त्रीय काळाचे थर आहेत. फ्लेचर जसजसा आत जातो तसतसे त्याला वर्षांच्या ऐवजी कोटी वर्षांत मोजावे लागते, आणि मग स्वतःच्या 'सलग, एकट्याने' या विक्रमाचे वजन आपोआप कमी होते. या पुस्तकातील उत्तम भाग विक्रमाचा विसर पडलेल्या दिवसांचे आहेत: एकाच खडकाजवळ बसून राहणे, प्राण्यांकडे पाहणे, उन्हात कपडे न घालता वावरणे. कमकुवत भाग बहुधा तेथे येतात जेथे त्या विसरण्याचा सिद्धान्त केला जातो. अखेरीस तो उत्तरेकडच्या कड्यावर चढून बाहेर येतो. काळाच्या तळाशी गेलेल्या माणसाने वर आल्यावर काय म्हणावे? जे म्हणावे ते थोडेच पडणार. फ्लेचरची समाप्ती वाचताना ही ओढाताण जाणवते आणि ती लपविली नाही हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण मानावे लागेल.

परंतु या समाप्तीची खरी चिकित्सा पुस्तकाबाहेर झाली. फ्लेचरने चालून पुरी केली ती 1963 साली असलेल्या उद्यानाची लांबी. 1975 च्या कायद्याने उद्यानाची हद्द वाढविण्यात आली. संपूर्ण कॅन्यन, लीज फेरीपासून ग्रँड वॉश कड्यांपर्यंत, सलग चालून जाण्याचे श्रेय 1977 मध्ये केंटन ग्रुआ या तरुण नावाड्याकडे गेले. फ्लेचरचे एकही पाऊल कमी झाले नाही, पण 'पूर्ण' हा शब्द मात्र त्याच्या पायांखालून सरकला. ज्या रेषेवर तो थांबला ती रेषा निसर्गाची नव्हती, कार्यालयाची होती.

याच कथेत हार्वी बुचर्ट हे एक उपपात्र आहे, आणि महाविद्यालयीन वाचकाला ते अधिक जवळचे वाटावे. फ्लॅगस्टाफ येथील महाविद्यालयात गणित शिकविणारा हा प्राध्यापक सुट्ट्यांमध्ये कॅन्यनात उतरत असे. वर्षानुवर्षे, तुकड्यातुकड्यांनी, त्याने फ्लेचरच्या मार्गाचा जवळजवळ सारा भाग आधीच पालथा घातला होता; फ्लेचरने वाट ठरविली ती बुचर्टच्या सल्ल्याने. पुस्तक मात्र सलग चालणाऱ्याचे झाले. सलग चालण्याला आरंभ असतो, मध्य असतो, शेवट असतो. रजेरजेने चालण्याला कथानक नसते. कथनाच्या सोयीने यशाची व्याख्या ठरते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

ब्रायसन : अपूर्णतेचा विनोद

बिल ब्रायसन 1996 मध्ये, चव्वेचाळीस वर्षांचा असताना, जॉर्जियातून मेनपर्यंत जाणाऱ्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर निघाला. हा मार्ग 3400 किलोमीटरांहून अधिक लांबीचा आहे. सोबतीला काट्झ या नावाने पुस्तकात येणारा जुना मित्र होता. मधल्या भागात ब्रायसन एकटाच, बराचसा दिवसापुरता, चालला. अखेरीस मेनच्या जंगलात दोघांनी प्रयत्न सोडला. एकूण 870 मैल, म्हणजे 1400 किलोमीटर, मार्गाच्या 39.5 टक्के, असा हिशेब लेखक स्वतःच देतो. 'अ वॉक इन द वुड्स' या 1998 च्या पुस्तकाचे वर्गीकरण विनोदी म्हणून होते आणि त्यामुळे त्यातील एक गंभीर गोष्ट निसटते. आपण ट्रेल पुरा केला नाही, असे ब्रायसन मानतो. काट्झच्या मते आपण पावसात चाललो, बर्फात चाललो, तेव्हा ट्रेल चाललो. हा वाद टक्केवारीने सुटत नाही. काट्झ हा दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणारा, स्थूल, थकलेला माणूस आहे. तो काय चालून आला आहे हे 39.5 या आकड्यात मावत नाही. ब्रायसनला हे कळते, तरी तो आकडा देतोच. मध्यमवयाचा सगळा ताण त्या आकड्यात आहे. पोहोचता आले नाही ही लाज आणि ती हसून सांगण्याचे शहाणपण ही दोन्ही एकाच वाक्यात ठेवणे सोपे नसते. पुस्तकाच्या मधल्या भागातील माहितीचा पसारा कंटाळवाणा आहे हे मान्य केले, तरी शेवटची काही पाने त्याच्या यशस्वी अनुकरणकर्त्यांपेक्षा कितीतरी प्रौढ आहेत.

वेगड आणि परिक्रमा

समाप्तीचा प्रश्न भारतीय परंपरेने एका विलक्षण युक्तीने सोडविला आहे: वाटच वर्तुळाकार केली आहे. 1312 किलोमीटर लांबीच्या नर्मदेची परिक्रमा जेथे सुरू होते तेथेच संपते. नदी उजव्या हाताला ठेवावयाची, ओलांडावयाची नाही. मुखाशी समुद्रातून नावेने पलीकडे जावयाचे. शेवटी ओंकारेश्वराला जल अर्पण करावयाचे. परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांचा. पोहोचण्याचे ठिकाण निघण्याचेच ठिकाण असल्यामुळे कोणी काय मिळविले हे भूगोलावरून दाखविता येत नाही. साक्षीदार नदी आहे आणि ती सतत बरोबर आहे, म्हणून एकटा परिक्रमावासीही तांत्रिकदृष्ट्या एकटा नसतो. जपानी यात्रेकरूच्या टोपीवरील अक्षरांचे काम येथे उजव्या हाताचे पाणी करते.

मराठीत या विषयावरील लेखनाला जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'ने मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. कुंटे यांनी एकाहून अधिक परिक्रमा केल्या, ही बाब येथे अर्थपूर्ण आहे. वर्तुळ पुरे झाल्यावर ते पुन्हा चालावेसे वाटते. त्या पुस्तकानंतर आलेल्या परिक्रमाकथनांचा ओघ मोठा आहे. त्यातील पुष्कळ लेखन सच्चे असले, तरी एक प्रवृत्ती नोंदवावीच लागते: समाप्तीचे प्रकरण प्रमाणपत्रासारखे लिहिले जाते. एकूण दिवस, एकूण अंतर, कमी झालेले वजन, आलेले अनुभव आणि अखेर कृतार्थता. ज्या वाटेने कर्तेपणा झिजवावयाचा, तिच्याच टोकाला कर्तेपणाचा ताळेबंद मांडला जातो. अशा लेखनाची परीक्षणे लेखकाच्या जिद्दीचे कौतुक करून थांबतात. जिद्द हा समीक्षेचा निकष नव्हे, हे सांगण्याचे धैर्य परीक्षणकर्ते दाखवीत नाहीत.

या संदर्भात अमृतलाल वेगड यांचे लेखन निराळे उठून दिसते. वेगड (1928–2018) जबलपूरचे, शांतिनिकेतनात नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकलेले चित्रकार आणि जबलपुरातच कलाशिक्षक. 1977 मध्ये, पन्नाशीला टेकलेले असताना, ते परिक्रमेला निघाले आणि पुढची दहा वर्षे सुट्टी मिळेल तशी, खंडाखंडाने, ती करीत राहिले. बहुधा विद्यार्थी वा स्नेही बरोबर असत, म्हणून 'एकाकी' हे विशेषण त्यांना लावता येणार नाही. तरीही बुचर्टच्या शेजारी त्यांना बसविण्याचा मोह टाळणे कठीण आहे: तोही शिक्षक, तोही रजेवरचा गृहस्थ, त्याचीही वाट तुकड्यांची. फरक असा की, तुकड्यांचे पुस्तक होऊ शकते हे वेगडांनी दाखवून दिले. 'सौंदर्य की नदी नर्मदा' या हिंदी पुस्तकात चढत जाणारे कथानक नाही. प्रत्येक खंडात निघणे आहे, चालणे आहे आणि घरी परतणे आहे. समाप्ती अनेकदा येते म्हणून तिचा धाक राहत नाही. हाच मजकूर त्यांनी गुजरातीतही लिहिला आणि त्या पुस्तकास 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे पंचाहत्तरीच्या सुमारास ते पत्नीसह पुन्हा नर्मदाकाठी चालू लागले.

तरी वेगडांच्या पुस्तकालाही एक शेवट मिळाला, आणि तो त्यांनी योजलेला नव्हता. येथे फ्लेचरची पुन्हा आठवण होते. तो कॅन्यनात उतरला त्याच्या महिनाभर आधी, मार्च 1963 मध्ये, वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले होते, आणि तो ज्या कोलोराडोच्या काठाने चालला तिचे पाणी आटलेले होते. पुस्तक आले त्या 1968 मध्येच, प्रत्यक्ष ग्रँड कॅन्यनमध्ये आणखी धरणे बांधण्याच्या योजनेला अमेरिकन काँग्रेसने वगळले. फ्लेचरची वाट त्यामुळे उरली. वेगड 1977 मध्ये जबलपूरहून मंडल्याकडे निघाले ती परिक्रमेच्या पहिल्याच खंडाची वाट. त्या दोन गावांच्या मध्ये बरगीचे धरण 1990 मध्ये पुरे झाले. आजचा परिक्रमावासी त्या भागात जलाशयाला लांबून वळसा घालून जातो. ज्या गावांच्या ओसरीवर वेगडांनी रात्र काढली आणि रेखाटने केली, त्यांतील कितीएक पाण्याखाली आहेत, आणि चालून पुरी केलेली ती वाट आता फक्त त्या पुस्तकातच चालता येते.